चुडामणची बागायत

अमळनेरहून एसटीने तासाभरावर असलेल्या गावात चुडामण पाटील राहायचा. माणूस कष्टाळू, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण एक खोड जन्माची: पाहुण्यापुढे घरातलं उणं दिसू द्यायचं नाही. स्वतः ठेचा-भाकरीवर दिवस काढेल, पाहुण्याला मात्र खापरावरच्या पुरणपोळ्या. खानदेशात याचं कुणाला नवल नाही. चुडामणने त्याचा कळस केला, एवढंच.

सत्याऐंशी साली त्याची धाकटी प्रमिला चांगल्या मार्कांनी बारावी झाली. तिला बी.एस्सी. होऊन शाळेत शिकवायचं होतं. कॉलेजने सांगितलं, बापाचं उत्पन्न मर्यादेच्या आत असेल तर फी माफ. तलाठ्याचा दाखला आणा. चुडामणच्या वाट्याला जेमतेम कोरडवाहू तुकडा. दाखला म्हणजे हातचा मळ, असं तो घरी म्हणाला.

तलाठी नवा होता. चौकशीला दारी आला तो नेमका थोरल्या वच्छलाला पाहायला दोंडाईच्याचे पाहुणे ओट्यावर बसलेले असताना. सोयरीक आणणारे सरपंच तोतारामनानाही शेजारीच. तलाठ्याने सगळ्यांदेखत शेती विचारली. सातबारा अजून चार भावांच्या नावावर एकत्रच होता, त्यामुळे कोणाच्या वाट्याला किती, ते तोंडीच विचारावं लागे. चुडामणने एकवार पाहुण्यांकडे पाहिलं.

"लिखा आप्पा. पंधरा बिघा बागायत शे. देवनी बठ्ठं दिन्हं."

तलाठी भला. एवढ्यावर सवलत बसत नाही, असं त्याने हळूच सुचवलंही. चुडामण हसला आणि म्हणाला, सवलत कोणाला पाहिजे? दाराआड चहाचे कप घेऊन उभ्या असलेल्या प्रमिलाने ते ऐकलं.

वच्छलाचं जमलं. दुसऱ्याच दिवशी चुडामण तहसिलीत धावला. कारकून म्हणाला, उत्पन्न बदलायचं तर नव्याने पंचनामा, गावच्या पंचांचे जबाब. आणि पंचांत पहिले कोण, तर तोतारामनाना. आपण कफल्लक आहोत असं त्यांच्यापुढे म्हणायचं, की दिवस मावळायच्या आत ती बातमी दोंडाईच्याला पोचणार. थोरलीचं मोडायचं की धाकटीचं? अमळनेरच्या स्टँडवर बाकावर बसून तो इतका रडला, की जागच्या जागी म्हातारा झाला म्हणा ना. मग गावची गाडी लागली, तसा उठून गाडीत जाऊन बसला.

फी भरली गेली नाही. कॉलेजने प्रमिलाचं नाव कमी केलं.

तुळशीच्या लग्नानंतर वच्छला नांदायला गेली. मग चुडामणने खरं सांगून खरा दाखला काढला आणि पुढच्या वर्षी कॉलेजात नेला. तिथे उत्तर मिळालं, शिक्षणात खंड पडलेल्यांना ही सवलत नाही. खंड का पडला, हे नियमात विचारलेलं नव्हतं. प्रमिलाने पुस्तकं शेजारच्या मुलीला देऊन टाकली. बापाशी ती भांडली नाही, आणि चुडामणला तेच सोसवेना.

दोन वर्षांनी तिला पाहायला पाचोऱ्याचे पाहुणे आले. तोच ओटा, त्याच पुरणपोळ्या. पाहुण्यांतल्या म्हातारीने मायेने विचारलं, "इतली हुशार व्हतीस, कॉलेज कसाले सोडं वं, बेटा?"

प्रमिलाने बापाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मना बाप श्रीमंत निघना, म्हनीसन."

पाहुणे खूश होऊन हसले. चुडामणने हातातला तांब्या खाली ठेवला. आता तरी खरं सांगून टाकावं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. पण ओट्यावर पाहुणे होते.