फिलोच्या प्लेट्स उन्हात

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आज तुम्हाला सांगतेय — का, ते विचारू नका.

ऐंशीच्या दशकात अंधेरीच्या एका प्रयोगशाळेत आम्ही दोघी पीएचडी करत होतो. फिलो गोराईची, मी घाटकोपरची. तिचा विषय म्हातारपण. यीस्टच्या पेशी म्हाताऱ्या झाल्या की डीएनएची मोडतोड त्यांना नीट दुरुस्त करता येत नाही, असं तिचं म्हणणं. अतिनील किरणांचा मारा केला की तिच्या म्हाताऱ्या पेशी मरत, तरुण तगत. आमचे गाइड सर खूश! चहाला बसलं की फिलो, फिलो आणि फिलो. माझं काम रखडलेलं. मी हसून मान डोलवायची — आणि आतून जळायची. तिचे फुलाफुलांचे फ्रॉक, डब्यातलं तिसऱ्यांचं सुकं, सगळंच खुपायचं मला.

तर — किरणांचा मारा झाला की पेशी वाढवायच्या त्या काचेच्या प्लेट्स लगेच काळ्या कापडात गुंडाळायच्या. कारण उजेड लागला तर यीस्ट त्या उजेडाच्याच जोरावर दुरुस्ती करतं. मग म्हाताऱ्या पेशीही जगतात.

एका संध्याकाळी फिलोला गोराईची होडी गाठायची होती. "कापड काढू नको हां. तशाच इन्क्युबेटरमध्ये ठेव ना गं, प्लीज," म्हणाली आणि पळाली.

मी काय केलं? कापड सोडलं. प्लेट्स पश्चिमेच्या खिडकीत मांडल्या, उन्हात. थोड्या वेळाने पुन्हा नीट गुंडाळल्या.

एकदाच केलं असतं तर — पण नाही. ती घाईत निघाली की दर वेळी केलं.

तिच्या पेशी कधी मरत, कधी ठणठणीत. सर म्हणाले, हिच्या कामाचा भरवसा नाही. शिष्यवृत्तीची मुदत वाढवून मिळाली नाही. प्रयोगशाळा सोडून निघताना फिलो माझ्या गळ्यात पडली. "माझ्या हातातच खोट आहे गं. तू होतीस म्हणून एवढी टिकले." मला बरं वाटलं. हो, बरंच वाटलं.

तिचा विषय सरांनी मला दिला. मी प्लेट्स अंधारात ठेवल्या. म्हाताऱ्या पेशी मेल्या, तिने सांगितलं होतं तशाच. त्यावर मला डॉक्टरेट मिळाली.

फिलो तेव्हा बोरिवलीच्या एका शाळेत शिकवत होती. मी तिला पेढे द्यायला गेले — कशाला गेले? तिने तोंडभरून कौतुक केलं. मग हळूच विचारलं, "तुझ्या प्लेट्स कशा गं दर वेळी बरोबर आल्या?"

मी म्हटलं, "हात बसावा लागतो, फिलो."

"हो ना," ती म्हणाली.