अर्धं संत्रं

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. लायल हॅचर टेक्ससच्या तुरुंगात गेला तेव्हा त्याच्या पाठी छातीवर नाझींच्या खुणेच्या विजा गोंदलेले गोरे लागले. ‘गोरा असून एकटा राहशील, तर तुझी चटणी होईल,’ एवढं ऐकून तो टोळीत शिरला आणि त्यानेही हातांवर त्याच विजा गोंदवून घेतल्या. खून-दरोडे करून आलेली माणसं, पण सोवळं कडक. काळ्याच्या हातचं खायचं नाही.

त्याच्याच कोठडीतल्या कॉबने हा नियम मोडला. एका काळ्या कैद्याने दिलेलं अर्धं संत्रं त्याने मैदानात सगळ्यांदेखत खाल्लं. लायलने त्याला बोटही लावलं नाही. “चल, कपडे आणायचेत,” म्हणून फक्त धुलाईघरात नेलं. आत टोळीचे लोक उभे होते. लायल दारात पहारा देत राहिला, आणि कॉब पुन्हा कोठडीत आला नाही.

लायल म्हातारपणी सुटला, तेव्हा जायला लेकीचं, रॉबिनचं, घर सोडून दुसरं ठिकाण नव्हतं. रॉबिनचा नवरा डेमेट्रियस काळा, तिची चिमुरडी निया बापावर गेलेली. रॉबिनने उंबऱ्यातच बजावलं, “बाबा, तुझं ते विष माझ्या पोरीपर्यंत आलं, तर त्याच दिवशी बॅग भरायची.”

“नाही येणार गं.”

आणि खरंच, म्हाताऱ्याचा जीव नियात गुंतला. गोंदण दिसू नये म्हणून तो भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा सदरा घालायचा.

एका दुपारी नियाने संत्रं सोलून अर्धं त्याच्यापुढे धरलं. “आजोबा, हे तुझं.”

लायलची नजर आधी दाराकडे गेली. दारात कुणी नव्हतं. त्याला मात्र कॉब दिसला, कपड्यांचं गाठोडं घेऊन उभा. मग त्याने संत्रं घेतलं आणि घाईघाईने गिळलं.

“कुणाला बघत होतास?” भांडी घासता घासता रॉबिनने विचारलं.

“कुणाला नाही.”

“खाल्लंस ना? मग झालं तर.” तिला हायसं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी नियाने पुन्हा संत्रं सोललं. अर्धं हातात घेतलं, मान वळवून दाराकडे नीट पाहिलं, आणि मग ते टेबलाखालून हळूच आजोबांच्या हातात दिलं.

“असं लपवून का देतेस गं?” रॉबिनने हसत विचारलं.

“कुणी बघेल ना,” निया म्हणाली.

लायलने संत्रं टेबलावर ठेवलं आणि कुणी काही म्हणायच्या आत तो बॅग काढायला उठला.