आधी फुगा, मग चेहरा

आमचा पेंटर माणूस काढायच्या आधी त्याच्या बोलण्याचा फुगा काढायचा. कोऱ्या कागदावर नुसते फुगे आणि फुग्यांत वाक्यं. माणसं मागाहून यायची. एकदा न राहवून मी म्हटलं, "अरे, बोलतंय कोण ते तरी ठरव आधी!" तर म्हणाला, "बोलू दे गं अक्का त्याला. बोलला की चेहरा सापडतो. चेहरा आधी काढला तर लाजतो तो."

पेंटर म्हणजे माझा चुलतभाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी धाकटा. आयुष्यात त्याने एक भिंत रंगवली नाही, पण आमच्या धरणगावात हातात ब्रश धरला की माणूस पेंटर होतो, त्याला इलाज नाही. तो चित्रकथा करायचा, त्याही पंधरा ते वीस वर्षांच्या मुलांसाठी. म्हणायचा, "लहानांना सगळे गोष्टी सांगतात, मोठ्यांना बातम्या. मधल्यांना फक्त विचारतात, टक्के किती पडले?"

पोटासाठी तो धुळ्याच्या एका छापखान्यात पत्रिकांचा मजकूर जुळवायचा. लग्नाच्या, वास्तुशांतीच्या आणि गंधमुक्तीच्या. माणूस गेल्यावर दहा-बारा दिवसांनी घरच्यांच्या कपाळाला पुन्हा गंध लावतात, त्या दिवसाची पत्रिका आमच्याकडे छापतातच, आणि तिच्यात 'शोकाकुल' म्हणून नातलगांची ही भली मोठी यादी असते. कुणाचं नाव कुणाच्या वर, चुलते कुठे, जावई कुठे, हे पेंटरला तोंडपाठ. "बांधावरून भांडणारे दमतात अक्का, पण पत्रिकेतल्या ओळीवरून भांडणारे दमत नाहीत," म्हणायचा.

रविवार मात्र चित्रांचा. त्या दिवशी तो आणि त्याच्यासोबत राहणारा दीपक जमिनीवर कागद पसरून बसायचे. दीपक एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला. रेघा पेंटरच्या, त्यांत काळा रंग भरायचं काम दीपकचं. रंग रेघेबाहेर गेला की पेंटर ओरडायचा, "भाऊ, रात्र पाडायला सांगितली होती, पूर नाही!"

त्यांची पहिली चित्रकथा शिंदखेड्याहून धुळ्याला एसटीने कॉलेजला जाणाऱ्या दोन मुलांची. एक जण वर्षभर दुसऱ्यासाठी खिडकीची जागा धरतो, आणि शेवटच्या पानावर त्याचा हात धरतो. वाचून मी विद्वानासारखी मान डोलावली. "मैत्रीचं महत्त्व छान सांगितलंस हो!"

पेंटर दीपककडे बघून म्हणाला, "अक्का पास झाली रे. पण काठावर." मग हसू आवरून माझ्याकडे वळला. "अक्का, ती मैत्री नाही. आणि आम्ही दोघं नुसते खोली वाटून राहत नाही. आम्ही एकमेकांचे आहोत."

अशा वेळी शहाण्या बाईला काहीतरी सुचतं. मला सुचलं, "चहा ठेवू का?"

"ठेव," तो म्हणाला. "तिघांचा ठेव."

एका प्रकाशकाने ती गोष्ट मागितली. अट एकच, दोघांतला एक मुलगा मुलगी करा. पेंटरने कळवलं, "वेणी घालायला त्याची हरकत नाही, पण वेणी घालूनही तो मुलगाच राहील." मग दोघांनी झेरॉक्स काढून, पिना मारून कॉलेजांच्या फाटकांवर पुस्तिका विकल्या. पुढे पुण्याच्या एका लहानशा प्रकाशनाने त्या जशाच्या तशा छापल्या. मुलांची पत्रं येऊ लागली. एकाने लिहिलं होतं, 'तुमचं पुस्तक मी गणिताच्या वहीत ठेवलं आहे. आमच्या घरी गणित कुणी उघडत नाही.' ते पत्र पेंटरने घडी घालून पाकिटात ठेवलं.

आता माझा पराक्रम. लग्नघरात मला भाजी निवडायला बोलावतात, पण माझे हात कमी आणि तोंड जास्त चालतं. आत्या-मावश्या विचारायच्या, "पेंटर लग्न का करत नाही गं?" मी एक कथा रचली. नाशिकची मुलगी, ठरत आलेलं लग्न, बापाने मोडता घातला, तेव्हापासून याने लग्नाचं नाव टाकलं. कथा इतकी चालली की दोन वर्षांनी एका मावशीने ती मलाच डोळे पुसत ऐकवली, "अजून वाट बघते म्हणे बिचारी!"

पेंटर पोट धरून हसला. "नाव काय ठेवलंस तिचं? उद्या भेटली तर ओळख तरी दाखवीन."

पण एकदा धुळ्याच्या स्टँडवर मला बसमध्ये बसवताना तो हसत नव्हता. खिडकीशी उभा राहून म्हणाला, "अक्का, एवढ्या गोष्टी सांगतेस. एकदा माझी खरी सांग ना घरी. आईसमोर माझा फुगा रिकामाच राहतो."

"काकू आहे तोवर नको रे. तिला सोसणार नाही," मी म्हटलं.

"बरं," म्हणाला, आणि माझ्यासाठी पाण्याची बाटली आणायला गेला.

मग त्याची कावीळ उलटली. दोन महिने दवाखाना, आणि एका दुपारी तो गेला. चाळिशी नुकतीच उलटली होती.

गंधमुक्तीच्या पत्रिकेचा मजकूर अर्थातच माझ्याकडे आला. घरात लिहिणारी मीच. काकूचं नाव सर्वात वर घातलं, मग चुलते, भाऊ, बहिणी, भाचे. छापखान्यातून कच्चा कागद घेऊन दीपकच आला. "बघून घ्या अक्का, चूक राहायला नको." मी चष्मा लावून एका चुलत्याचं आडनाव सुधारलं, एक काना घातला. दीपकने यादी वरून खालपर्यंत वाचली. शेवटची ओळ होती, 'आणि मित्रपरिवार'. ती त्याने दोनदा वाचली. मग कागदाची घडी केली आणि म्हणाला, "बरोबर आहे."

त्या दिवशी घरच्या सगळ्यांच्या कपाळांना गंध लागलं. दीपक मांडवात पाणी वाटत होता. संध्याकाळच्या बसने तो धुळ्याला गेला. त्याचं कपाळ कोरंच होतं.

पाहुणे पांगल्यावर तिसऱ्या दिवशी काकूने पत्रिका मांडीवर घेतली. तिला वाचायला वेळ लागतो, एकेका नावावर बोट ठेवत ती खाली आली.

"अक्का, दीपकनं नाव कोठे शे?"

"मित्रपरिवारात आलं ना, काकू."

"त्याम्हा ते बठ्ठं गाव शे. दीपक कोठे शे?"

खरंच, त्या ओळीत सगळं गाव होतं. मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"मी माय शे त्यानी. दवाखानाम्हा दोन महिना त्याना उशापान कोण बठेल व्हतं, माले दिसनं नही का?"

"मग कधी बोलली का नाहीस त्याच्याशी?"

"तो सांगी, म्हनीसन वाट देखी मी."

तिकडे तो थांबला होता, इकडे ही. मधे मी होते.

काकूने पत्रिका माझ्यापुढे सरकवली. "लिख."

"कुठे लिहू?"

"मना नावना खाले."

दोन ओळींत जागा फार नव्हती. बारीक अक्षरात लिहिलं. काकूने त्यावर बोट फिरवून पाहिलं आणि पत्रिका फडताळात ठेवली.

दीपकचं नाव त्या एकाच पत्रिकेवर आहे. बाकीच्या सगळ्या मी स्वतः रिक्षा करून घरोघर वाटल्या होत्या.