चुलीवरचा रिकामा तवा

बाळंतिणीच्या घरात पाऊल टाकले की भागरथाबाई आधी चूल पेटवायला लावत आणि तिच्यावर रिकामा तवा ठेवत. पाणी वेगळ्या चुलीवर तापे. या तव्यावर काय भाजायचे, असे एखाद्या नव्या सुनेने विचारले तर म्हणत, "काही नाई वं. पोरगं रडलं का उतरवू." बहुतेक वेळा मूल रडे. मग तवा त्या स्वतःच्या हाताने उतरवत. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत.

त्या दाई होत्या. शहरातल्या नंदनवन भागाच्या मागच्या वस्तीत राहत. सत्तरच्या दशकात त्या बाजूला घरी होणारी बहुतेक बाळंतपणे त्यांच्याच हातची. मी एका दैनिकात वार्ताहर होतो आणि जवळच भाड्याने राहत होतो. माझी मुलगी त्यांच्या हातून जन्मली. ती रडली नाही. मी बाहेर होतो. आत काय घडले ते माझ्या आईने नंतर सांगितले. भागरथाबाईंनी नाळ कापलीच नव्हती. वार, म्हणजे नाळेच्या दुसऱ्या टोकाचा गोळा, पडेपर्यंत त्या थांबल्या, ती वार तापल्या तव्यावर शेकली आणि बोटांनी नाळ दाबत मुलीच्या बाजूला सुतत राहिल्या. काही वेळाने बारीक रडण्याचा आवाज मी बाहेर ऐकला.

"वारेत जीव उरते, भाऊ," त्या मला म्हणाल्या. "घाईनं कापली का तो तिकडंच राह्यते."

पुढे शहरातल्या एका संस्थेने दायांसाठी आठ दिवसांचा वर्ग घेतला. बातमीसाठी मी गेलो होतो. शिकवणाऱ्या नर्सबाई तरुण होत्या आणि मन लावून शिकवत होत्या. मूल आले की लगेच नाळ बांधायची आणि नव्या पात्याने कापायची, असे त्यांनी सांगितले.

"अन् वार यायची असली तं?" भागरथाबाईंनी विचारले.

"तिचं मग पाहायचं."

"अन् पोरगं गुमसुम असलं तं?"

"दवाखान्यात न्यायचं, मावशी."

"दवाखाना का माह्या ओच्यात हाये, बाई?"

सगळ्या हसल्या. नर्सबाईही हसल्या. पण वर्ग भागरथाबाईंनी मनावर घेतला. त्याचे कारण साबण आणि पाते. "हे माह्या मायले कोणी सांगतलं असतं तं माहे दोन भाऊ धनुर्वातानं गेले नसते," त्या म्हणाल्या. एक गोष्ट खरी निघाली, म्हणून त्यांनी दुसरीही, नाळ लगेच कापण्याची, खरी मानली.

शेवटच्या दिवशी त्यांना साबण-पात्यांची एक पेटी आणि प्रमाणपत्र मिळाले. निघताना त्यांनी मला थांबवले. "ह्या बाईले माहं ऐकू नाई आलं. तुम्ही चुलीचं लिहा, भाऊ. छापून आलं तं वाचतीन." मी तीन ओळी लिहिल्या. बातमी देण्याआधी त्या मीच खोडल्या. पानावर जागा होती. लोक हसतील असे मला वाटले. दुसऱ्या दिवशी पेटी हातात घेतलेल्या भागरथाबाईंचा फोटो छापून आला.

त्याच वर्षी त्यांची मुलगी सिंधू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. दुपारी मूल झाले. भागरथाबाईंनी साबणाने हात धुतले होते, पाते नवे होते. नाळ लगेच बांधली आणि कापली. मुलगा रडला नाही. सायकलरिक्षा दवाखान्यापर्यंत पोचण्याआधीच तो गेला.

"काहून कापली वं माय?" शेजारणीने विचारले.

"शिकली ना मी आता," त्या म्हणाल्या.

चूल सवयीने पेटवलेली होती. तवा तापलेला होता.

मी ओळखीच्या एका डॉक्टरांना विचारले. मूल वाचले असते किंवा नसतेही, सांगता येत नाही, असे ते म्हणाले. भागरथाबाईंना हे कळवले तेव्हा त्यांनी मान हलवली. त्यानंतर त्या कोणाच्या बाळंतपणाला गेल्या नाहीत. बोलावणे आले की "दवाखान्यात ने" एवढेच सांगत. नवऱ्याशी बिनसल्यावर सिंधू माहेरीच राहिली. एकदा ती म्हणाली, "मले तरी शिकव." त्यांनी विचारले, "काय शिकवू वं? आधीचं का नंतरचं?"

बऱ्याच वर्षांनी मी वही घेऊन गेलो. या वेळी सगळे लिहून घ्यायचे ठरवले होते. तवा किती तापवायचा, नाळ कुठवर सुतायची, थांबायचे केव्हा. भागरथाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. सिंधू भाकरी करत होती. मी विचारले. शेवटची भाकरी निघाली आणि तवा चुलीवर तसाच राहिला.

"उतरव वं तो," त्या सिंधूला म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "तुमची पोरगी बरी हाये ना, भाऊ?"

त्या पावसाळ्यात भागरथाबाई गेल्या. सिंधूला काही ठाऊक नाही. वही माझ्याकडे आहे. तिच्या पहिल्या पानावर मी लिहिलेले तीन प्रश्न आहेत.