सुई डाव्या हातात

"समोर बस वं. बाजूले नको," असं म्हणत मावशी सतरंजीचा समोरचा कोपरा पदराने झटकायच्या आणि मगच क्रोशाची सुई हातात घ्यायच्या. डाव्या हातात.

चिखलीच्या मुलींच्या शाळेत मी चित्रकला शिकवायला लागले, तेव्हा महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मावशी तिथल्या शिपाई. घंटा द्यायची, वर्ग झाडायचे, माठ भरायचे आणि मधल्या सुटीत लेस विणायची. मुली त्यांच्याकडून शिकायच्या. तुम्ही कधी करून पाहा, डावखुऱ्या माणसाच्या समोर बसलं की त्याचा डावा हात आरशातल्यासारखा आपल्या उजव्या हातापुढे येतो. नुसतं बघून तसं करत जायचं. ही युक्ती मावशींचीच. मीही तशीच शिकले आणि अशी नादाला लागले, की घरात पाण्याच्या तांब्यावरही लेसचा रुमाल आला. नवरा म्हणायचा, "आता मलाही एक झालर लावून टाक."

मावशींच्या डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग होता. "मायनं उलथन्याचा चटका देला, डावा हात सुटावा म्हनून," त्या सांगायच्या. "तवा सोडला नाही, आता काऊन सोडू?"

त्यांचं चित्र काढायचं मी ठरवलं. चार दुपारी समोर बसले. मांडीवर उतरलेली पांढरी लेस, सुई, मनगटावरचा डाग, सगळं जमलं. अर्थात मावशी गप्प बसल्या असत्या तरच नवल. "डोये लहान झाले तं चालतीन, बाई. टाके मात्र मोजून काढा."

चित्र शाळेच्या संमेलनातल्या प्रदर्शनात लागायचं होतं. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, ते पाहून कपाळाला आठ्या घातल्या. "सुई उजव्या हातात दाखवा. पालक येणार, पाहुणे येणार. डाव्या हाताचं कौतुक कशाला?" नोकरी नवी होती. मी मुकाट्याने दुसरं चित्र काढलं. सुई उजव्या हातात गेली, डाग गेला. मला त्याची आजही लाज वाटते.

प्रदर्शनाच्या दिवशी मावशी चित्रापुढे उभ्या राहिल्या.

"हे कोन व्हय, बाई?"

"तुम्हीच की, मावशी."

"मी नाही. हे कोनी उजवी बाई हाय."

एवढं बोलून त्यांनी स्टूल ओढलं, चित्राखाली बसल्या आणि विणायला लागल्या. पाहुणे एकदा चित्राकडे बघत, एकदा त्यांच्याकडे. मोठ्या बाई लगबगीने आल्या. "उठा मावशी, घंटेची वेळ झाली."

"झाली तं देतो, बाई. पर घंटाबी याच हातानं देतो मी. आजपावतो कोन्या पोरीचा तास चुकला काय?"

मला बळ आलं. कपाटातून पहिलं चित्र काढलं आणि सगळ्यांदेखत उजवीच्या जागी डावी टांगली. महिनाभर मोठ्या बाई माझ्याशी बोलल्या नाहीत. म्हटलं बरंच झालं, लेसला वेळ मिळाला.

पुढे मावशी निवृत्त होऊन धाड गावी भावाकडे राहायला गेल्या आणि तिथेच वारल्या. नंतर एकदा त्यांचा भाऊ एसटीने माझ्याकडे आला. पिशवीत अर्धी लेस होती, सुई तशीच टाक्यात अडकलेली. म्हणाला, "ताई म्हने, बाईले दे. त्या पुरी करतीन."

कशी करणार? उजव्या हाताने पुढे विणायची तर लेस उलटी धरावी लागते, मग टाक्यांची पाठ वर येते आणि त्यांची ओळ बिघडते. म्हणून या वयात मी डाव्या हाताने विणायला शिकते आहे. बोटं आखडतात, दोरा सुटतो, घरचे हसतात. हसू देत. त्या लेसमध्ये उजव्या हाताचा एकही टाका मी जाऊ देणार नाही.

मावशींचं चित्र मी समोर लावलं आहे. पण डाव्या हाताचं काम डाव्याच हाताने करायचं तर ते समोरून उचलता येत नाही, त्यासाठी बाजूला बसावं लागतं. आणि मावशींच्या बाजूला आमच्यापैकी कोणी कधी बसलंच नाही.