शेततळ्यावर लटकलेले सर

माणूस दोरीला लटकलेला असला की त्याच्या बोलण्याला वजन राहत नाही, हे मला पन्नाशीनंतर कळलं. (अंगाला राहतं.)

मी पुलगावजवळच्या एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो. माझी मुलगी पल्लवी आमच्या नाचणगावच्या तरुण मंडळाची अध्यक्ष. मंडळाची एक अभ्यासिका आहे. पोलीस भरतीची आणि बँकेच्या परीक्षांची तयारी करणारी पोरं तिथे बसतात. कूलर एकच. त्याचं तोंड भरतीवाल्यांकडे असावं की बँकवाल्यांकडे, यावरून मार्चच्या उन्हात असा भडका उडाला की मंडळाचे सरळ दोन तुकडे झाले. भरतीवाल्यांचा म्होरक्या सागर, बँकवाल्यांचा निखिल. दोघंही माझे विद्यार्थी. (राष्ट्रीय एकात्मतेचा धडा दोघांनाही मीच शिकवलेला!) सागरने रागारागात अभ्यासिकेला कुलूप लावलं. निखिलने त्याच कडीत आपलं दुसरं अडकवलं. परीक्षा तोंडावर, आणि अख्खं मंडळ घरी बसून घाम पुसतंय!

पल्लवीने उपाय शोधला. वडनेरच्या पुढे एका शेतात कोणीतरी दोरखंडांचे खेळ उभारले होते. तरुणांच्या गटांना दिवसभर दोऱ्यांवर चढवून त्यांच्यात म्हणे एकी निर्माण करून देत.

"दोरीवर असलं की एकमेकाईसंगं बोलाच लागते, बाबा," पल्लवी म्हणाली.

"आन नाई बोलले तर?" शोभाने, म्हणजे माझ्या बायकोने, पीठ मळता मळता विचारलं.

"तर मी अध्यक्षपद सोडून देईन. थकली मी आता."

तिच्या आवाजावरून ती थट्टा करत नाही हे कळत होतं. म्हणून शिस्त राखायला मी आणि जेवण सांभाळायला शोभा, असे आम्हीही निघालो. मिनीबसमध्ये पुढे भरती, मागे बँक, मधल्या बाकावर आम्ही दोघं आणि गोळाभाताचं पातेलं. वडनेर येईपर्यंत पुढच्यांनी मागे पाहिलं नाही. मागचे तर खिडकीतून असे बाहेर बघत होते की जणू तुरीच्या पेंढ्या त्यांनी जन्मात पाहिल्या नव्हत्या.

ट्रेनर नागपूरचा होता. पोरसवदा, काटक, गळ्यात शिट्टी. शेततळ्याच्या दोन काठांना दोन मचाणं होती. मधे चालायला एक दोर, धरायला दोन, आणि वर एक जाड तार. त्या तारेला आपला कमरेचा पट्टा अडकवायचा.

"पट्ट्याला अजून दोन दोऱ्या बांधल्या आहेत," ट्रेनर म्हणाला. "एक या काठावर, एक त्या काठावर. कोणी मधे अडकला, तर एका बाजूने ओढायचं, दुसरीने ढील द्यायची. सिंपल है!"

सागरची टोळी अलीकडे उभी केली, निखिलची पलीकडे.

"म्हंजे मी मधात असताना माह्या दोर त्या निख्याच्या हातात?" सागर म्हणाला. "मी नाई चढत!"

"मी तर मुळीच नाई!" पलीकडून निखिल ओरडला.

शिट्टी वाजली. कोणी हललं नाही. पुन्हा वाजली. पल्लवीचा चेहरा उतरला. आणि नेमका तेव्हाच माझ्यातला शिक्षक जागा झाला.

"मी जातो," मी म्हणालो.

"तुमी कायले?" शोभा म्हणाली. "घरी माळ्यावरचा डबा काढाले पोट्ट्याईले बोलावता!"

"कोणीतरी आदर्श घालून द्यायला पाहिजे."

मी आदर्श घालून द्यायला निघालो. अर्ध्या वाटेपर्यंत तो बरा चालला. बरोबर मध्यावर डावा पाय म्हणाला पुढे, उजवा म्हणाला मागे, आणि मी दोघांचंही न ऐकता खाली आलो. पट्ट्याने झेललं. मी तारेला लोंबकळू लागलो. खाली शेततळ्याचं उरलंसुरलं हिरवं पाणी, त्यात एक म्हैस. तिने एकदा वर पाहिलं आणि शांतपणे दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसली.

"घाबरू नका, सर!" सागर ओरडला. "मी ओढतो!"

"सर आमच्याकडे येऊन राह्यले होते!" निखिल गरजला. "आमी ओढतो!"

दोघांनी ओढलं. एकाच वेळी. जोर लावून.

मी जागच्या जागी फिरू लागलो. एकदा भरतीवाले दिसत, एकदा बँकवाले, मधे ओझरती शोभा. "एक साइड ढील दो!" ट्रेनर शिट्ट्यांवर शिट्ट्या मारत होता. पण ढील देणार कोण? ढील म्हणजे हार!

"मुलांनो," मी वरून सुरुवात केली, "या प्रसंगातून आपण काय शिकतो..."

"सर, तुमी गप राहा, तोल जाते!" हे मात्र दोन्ही काठांवरून एकदम आलं.

"अरे, माणूस हाय तो! कापसाचं गाठोडं नोय!" शोभा कडाडली. मग तिचा आवाज एकदम शांत झाला. (तिचा शांत आवाज मी फार थोड्या वेळा ऐकला आहे. त्यानंतर कधीच काही चांगलं घडलेलं नाही.) तिने पातेल्याचं झाकण काढलं, बांधावरच्या चुलीवर तापत ठेवलेलं फोडणीचं तेल गोळाभातावर सोडलं. वास तळ्यावर पसरला. "तुमचं ठरू द्या निवांत. आमी मायलेकी जेवून घेतो. सर खाली आल्याबिगर बाकी कोणाले काई भेटत नाई."

मग सागरचा आवाज आला.

"निख्या."

"काय बे?"

"तू सोड ना."

"तू आंधी."

"संगंच सोडू."

कित्येक दिवसांनी झालेलं त्यांचं पहिलं बोलणं! पल्लवीने तोंडावर हात ठेवला. माझेही डोळे भरून आले. तेवढ्यात दोघांनी खरोखरच, अगदी एका दमात, दोर सोडले.

माझं सगळं वजन एकदम वरच्या तारेवर आलं, ती वाकली आणि मी कंबरेपर्यंत तळ्यात बसलो. मंडळाने एकजुटीने केलेलं ते पहिलं काम.

"सर, पानी में क्यूं उतरे?" ट्रेनरने विचारलं.

दोन्ही टोळ्या धावत पाण्यात शिरल्या. सागरने माझ्या काखेत हात घालून मला धरलं, निखिलने पट्टा सोडवला, कोणीतरी माझी चप्पल म्हशीमागून शोधून आणली. पुढचा तासभर सगळे एका पंगतीत बसून जेवले आणि मी कसा फिरत होतो ते एकमेकांना उठून करून दाखवत राहिले. निखिलची नक्कल जास्त चांगली होती, हे सागरने मान्य केलं. संध्याकाळी दोघांनी आपापली कुलपं काढली आणि कूलरच्या स्टँडला चाकं बसवली. आता तो आळीपाळीने फिरतो. पल्लवी अजून अध्यक्ष आहे.

चार दिवसांनी ट्रेनरचा फोन आला. शोभाने उचलला. येत्या रविवारी कॉलेजच्या पोरांची एक बॅच आहे, सगळी आपसांत भांडलेली. सरांना तासभर मधे लटकवता येईल का, असं तो विचारत होता.

"नेजो ना," शोभा म्हणाली. "पन एक सांग भाऊ, निस्तं लटकवता, का ठेवून बी घेता?"

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. तिचा चेहरा मात्र पडला.