मिटल्या डोळ्यांचा फोटो

चिखलीबाहेरच्या माळावर तीन दिवस ब्लूजचा महोत्सव भरला, तेव्हा खुर्च्या, पाणी आणि फोटो ही कामं माझ्याकडे होती. फोटोसाठी मी आमच्या भागातल्या लग्नांचे फोटो काढणाऱ्यालाच बोलावलं.

पहिल्याच दिवशी त्याने ड्रम वाजवणाऱ्याला हनुवटीखाली हात घेऊन बसवलं. जेवणाची एकही पंगत टिपायची सोडली नाही. कोणी राहिलं की रुसतं, म्हणाला. मुख्य गायकाचा मात्र एकही फोटो नव्हता. ब्लूज म्हणजे दुःखाची गाणी, आणि हा गायक ती डोळे घट्ट मिटूनच गायचा.

"मिटल्या डोयाचा फोटो आपण देत नाई, ताई. लोक परत आणून देतेत."

"अहो, तो असाच गातो. आईला दाखवायला त्याला गातानाचा एक तरी फोटो हवाय."

"मंग थांबू ना. उघडीन तो कधी तरी."

तो स्टेजखाली कॅमेरा रोखून थांबला. मधूनच ओरडायचा, "ओ दादा, इकडे पाहा! स्माइल!" गायक डोळे आणखीच मिटून घ्यायचा.

शेवटच्या दिवशी, शेवटच्या गाण्यात गायकाने डोळे उघडले. मी फोटोवाल्याकडे पाहिलं, तर कॅमेरा पोटावर, मान डुलतेय आणि डोळे मिटलेले! घाईघाईने मी मोबाइलवर दोघांचा फोटो काढला, गायकाला पाठवला आणि मग फोटोवाल्याला दाखवला.

त्याने मोबाइल हातात घेऊन फोटो मोठा करून पाहिला.

"गायक झकास आला," तो म्हणाला. "पण हा कोणाले देऊ नका, ताई. माये डोये मिटले याच्यात."